वीणा खाली ठेवायची नाही

एप्रिलअखेरची रात्र, पावणेदहाचा सुमार. आमच्या मोसंबीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. झाडाखाली कागदी लिंबाएवढी हिरवी फळं पसरलेली, त्यातलं एक उचलून तळहातावर धरलेलं, देठाशी पिवळी पडलेली कडा. खाली एकच ओळ: "चार दिवसांपासून गळ चालू आहे, काय करू?" विचारणारा अंबड तालुक्यातला, ग्रुपवर नवा.

मी ग्रुपचा ॲडमिन. कोण काय सांगतं याची वाट बघत मी फोन हातात धरून बसलो. ग्रुपवर वीस-वीस वर्षं बाग सांभाळणारे होते, कृषी सेवा केंद्र चालवणारे होते, एक निवृत्त कृषी सहायक होते. साडेदहा वाजले. उत्तर एकाचंही नाही. सकाळी सहाला मात्र त्याच मंडळींकडून गुलाबाची फुलं, सुविचार आणि शुभ सकाळ यांचा पाऊस सुरू झाला, आणि गळणारी मोसंबी त्या फुलांखाली गाडली गेली.

मला राग आला नाही, नवल वाटलं. यातला कुठलाही माणूस त्या पोराला पारावर भेटला असता तर अर्धा तास बोलला असता. पाणी किती दिवसांनी देतो, ताण कसा तोडला, खत काय टाकलं, सगळं खोदून विचारलं असतं. वर चहा पाजला असता. मग तोच माणूस २५५ जणांच्या सोबतीला बसला की त्याची वाचा का जाते? (व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली तेव्हा आम्ही हौसेने ग्रुप काठोकाठ भरला होता. पुढे २०२२ मध्ये ती ५१२ आणि मग १०२४ झाली, पण तोवर आमची हौस फिटली होती.)

हा प्रश्न पहिल्यांदा मोजपट्टी घेऊन ज्याने हाताळला तो शेतीचाच माणूस निघाला, हे कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मॅक्सिमिलियन रिंगेलमान हा फ्रान्समधला कृषी अभियंता. शेतात बैल, घोडा, माणूस आणि यंत्र यांच्यापैकी कोणाकडून किती काम निघतं, याचा हिशोब लावणं हे त्याचं काम. १८८२ ते १८८७ या वर्षांत त्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि दुसऱ्या टोकाला जोर मोजणारं यंत्र बांधलं. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघांनी मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरला, तिघांत ८५. आठ जण दोराला लागले तेव्हा माणशी जोर ४९ वर आला. म्हणजे आठ माणसं मिळून जेमतेम चौघांचं काम करत होती!

बैलजोडी हाकलेला कोणीही म्हणेल, यात नवल ते काय, पावलं जुळली नाहीत की जोर वाया जाणारच. रिंगेलमानलाही बऱ्यापैकी तसंच वाटत होतं. पण १९७४ मध्ये अमेरिकेत काहींनी गंमत केली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराच्या सगळ्यात पुढे उभं केलं आणि सांगितलं की मागे आणखी लोक ओढतायत. मागे लोक होते, पण ते नुसतेच ओढल्याचं नाटक करत होते. पावलं जुळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या माणसाचा जोर घटला. "मागे कोणीतरी आहे" एवढ्या समजुतीनेच हात सैल पडले.

१९७९ मध्ये ओहायोतल्या लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी दोर सोडून लोकांना ओरडायला लावलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर आवाज भरलेले हेडफोन, त्यामुळे शेजारचा किती ओरडतोय ते कळायचं नाही. आपल्याबरोबर आणखी एक जण ओरडतोय असं ज्याला वाटलं, तो एकट्याच्या ताकदीच्या ८२ टक्केच ओरडला. आपण सहा जण आहोत असं वाटलं तेव्हा ७४ टक्के. आणि खरी मेख पुढच्या प्रयोगात आहे. १९८१ मध्ये त्यांनी प्रत्येकाला सांगितलं की गर्दीत ओरडलात तरी तुमचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे. झालं, आळस गेला. माणसं तीच, घसे तेच. बदललं ते एवढंच की आता आवाजाला नाव लागलं.

हे वाचलं आणि मला भोकरदन आठवलं.

आमच्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेचं हे तालुक्याचं गाव. केळणा नदीच्या काठचं, आज बसस्थानक, बाजार आणि कापसाच्या गाड्या असलेलं. याचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशात सांची आणि भारहुत इथे जे स्तूप बांधले गेले, त्यांच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांची नावं आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. भोकरदन ते सांची हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. रेल्वे नाही, डांबरी सडक नाही, फोनपे तर नाहीच. तरी इथल्या माणसाने तिथल्या कठड्यासाठी पैसा धाडला.

सांचीला असे दानलेख सहाशेहून जास्त आहेत. ते वाचताना गंमत वाटते, कारण त्यांत फार थोर कोणी नाही. व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी तर तोरणावरचं कोरीवकाम स्वतः करून दिल्याचं लिहून ठेवलंय. बहुतेक लेख आपल्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखे आखूड: अमक्या गावच्या अमक्याचं दान. बस्स. ज्या कोणी हे ठरवलं त्याने स्तूपासाठी एक मोठी दानपेटी ठेवली नाही. कठड्याचे तुकडे पाडले, आणि माणसाला सांगितलं की हा आडवा दगड तुझा. तुझं नाव यावर. तू दिला नाहीस तर इथे भोक राहील.

(विषय निघालाच आहे तर सांगतो. १९७० च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला. इटलीत पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्याशी तो कमालीचा मिळताजुळता आहे. ती मूर्ती इकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. भोकरदनची बस चुकली म्हणून चडफडत उभा असतो तेव्हा मी हे आठवून स्वतःची समजूत घालतो.)

आता परत ग्रुपवर. मला आधी वाटायचं की न बोलणारी माणसं फुकटी. वाचतात, फायदा घेतात, देत काही नाहीत. इंग्रजीत अशा सभासदाला लर्कर म्हणतात, म्हणजे दबा धरून बसलेला. शब्दच चोराचा. पण ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस या अभ्यासकांनी २००० साली ईमेलवरचे गट तपासले तेव्हा आजारपणावरच्या गटांत सरासरी ४६ टक्के लोक मूक निघाले, आणि सॉफ्टवेअरच्या मदतीसाठीच्या गटांत ८२ टक्के. एवढी माणसं चोर असतील तर मग साव कोण? पुढे २००४ मध्ये त्यांनी मूक सभासदांनाच कारण विचारलं. निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं की नुसतं वाचूनच काम भागतं. काहींना गटाची रीत अजून कळली नव्हती. आणि काहींचं म्हणणं असं, की गप्प बसून आम्ही मदतच करतोय, उगाच गर्दी कशाला वाढवायची!

हे शेवटचं कारण मला पटलं नव्हतं. मग घनसावंगीकडच्या एका लग्नात तात्या भेटले. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षांची मोसंबी. ग्रुपवर तीन वर्षं आहेत आणि तीन वर्षांत त्यांचा एक शब्द नाही. पंगतीत शेजारी बसले आणि बुंदी मोडता मोडता गेल्या सहा महिन्यांतले मेसेज मला सांगायला लागले. कोणाच्या बागेत डिंक्या होता, कोणी बोर्डोत चुना कमी घातला, कोणाचा सौदा फिसकटला. एक मेसेज सुटलेला नाही.

"तात्या, मग तुम्ही लिहीत का नाही? व्हॉइस तरी टाका."

"आरं, तिथं समदी शिकलेली मान्सं. मधीच आपुन काय बोलावं? आन दोनशे लोकं हायती की, कोनी ना कोनी सांगंलच."

रिंगेलमानचा दोर माझ्यासमोर बुंदी खात होता.

आमच्याच मराठीत या माणसाला चांगला शब्द आहे, श्रोता. कीर्तनात समोर बसून ऐकणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. उलट बुवा त्याच्याकडे बघूनच रंगतात. तात्या श्रोते होते. त्यांना बोलतं करायचं तर "सर्वांनी सहभाग घ्यावा ही नम्र विनंती" हे वाक्य कामाचं नव्हतं. हे वाक्य मी वर्षभर दर सोमवारी टाकत होतो, त्यामुळे ते किती निकामी आहे याचा मी तज्ज्ञ आहे. "सर्वांनी" म्हटलं की ते कोणालाच लागू होत नाही.

अमेरिकेत मूव्हीलेन्स नावाची एक वेबसाइट आहे. तिथे लोक पाहिलेल्या सिनेमांना गुण देतात. मिनेसोटा आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या संशोधकांनी तिथल्या सुस्त सभासदांना ईमेल धाडून पाहिलं. २००४ साली त्यांनी जे छापलं ते असं: ज्यांना सांगितलं की तुमची आवड इतरांपेक्षा वेगळी आहे, तुम्ही दिलेले गुण दुसरं कोणी देऊ शकणार नाही, त्यांनी जास्त सिनेमांना गुण दिले. ज्यांना नेमका आकडा दिला, ते "जमेल तेवढं करा" सांगितलेल्यांपेक्षा पुढे गेले. आणि संशोधकांनाही चकित करणारी गोष्ट म्हणजे, एकट्याला दिलेल्या लक्ष्यापेक्षा गटाला मिळून दिलेलं लक्ष्य जास्त लागू पडलं. म्हणजे गर्दी ही आपोआप वाईट नव्हे. गर्दीत आपला दगड कुठला ते कळलं पाहिजे.

हे अमेरिकेत २००४ ला कळलं, आमच्या कडवंचीत ते त्याच्या आधीच करून झालं होतं. जालना तालुक्यातलं हे गाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम झालं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साह्य मंडळाने ते हाती घेतलं, नाबार्डची साथ होती. या कार्यक्रमामागे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) भागात आयुष्य घालवलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांचा विचार होता, आणि त्याच्या अटी मुळात माणसं कशी सामील होतात याच्याच अटी होत्या. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, गावाची समिती गावानेच निवडायची. पैसा त्यानंतर.

पण मला यातली सगळ्यात मोठी युक्ती वाटते ती शिवारातली. पाणलोटाचा आराखडा कार्यालयात बसून काढायचा नाही. अभियंत्याने एकेका गटनंबरात जायचं, त्या शेताच्या मालकाबरोबर, आणि मालकिणीबरोबरही, बांधाबांधाने फिरायचं आणि तिथेच उभं राहून ठरवायचं: इथे उतार किती, बांध कुठे घालायचा, झाड कोणतं लावायचं. गावाचा नकाशा अशा तुकड्यातुकड्यांनी भरत जातो. ग्रामसभेत "पाणी अडवू या का?" विचारलं तर सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. स्वतःच्या धुऱ्यावर उभं करून "तुमच्या या ओघळीचं काय करायचं?" विचारलं की नवरा-बायको दोघंही बोलायला लागतात, बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध. ते भांडण म्हणजेच सहभाग. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूला टँकर फिरत असताना कडवंचीच्या बागा तगल्या, तेव्हा लोक शेततळी बघायला तिथे गेले. शेततळ्यांचे फोटो काढणं सोपं असतं. धुऱ्यावरच्या त्या गप्पांचा फोटो निघत नाही.

मीही त्या लग्नानंतरच्या आठवड्यात तात्यांना फोन केला आणि ग्रुपवर जाहीर प्रश्न टाकला: "चाळीस वर्षांची बाग आपल्यात एकट्या तात्यांकडे आहे. तात्या, म्हातारी झाडं ताण तोडल्यावर किती दिवसांनी दुसरं पाणी मागतात?" दुपारभर काही नाही. संध्याकाळी त्यांचा पहिला व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला नुसता वारा, मग खाकरणं, मग नातवाला "चालू झालं का रं?" आणि मग सव्वा मिनिट शुद्ध सोनं.

त्याआधी मी एक गाढवपणा केला होता तोही सांगून टाकतो. महिन्यात सगळ्यात जास्त मेसेज टाकणाऱ्याचा सत्कार जाहीर केला होता. त्या महिन्यात ग्रुपवर काय काय आलं! गोमूत्राचे सतरा उपयोग, खोट्या हवामान अंदाजांचे नकाशे, कोण्या गावच्या हरवलेल्या मुलाचा पाच वर्षं जुना फोटो. मोजमाप चुकलं की माणसं मापाएवढंच देतात. शाबासकी कामाची असते, फक्त ती अचानक आणि बरोबरीच्या माणसाकडून यावी लागते. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांतल्या सगळ्यात कष्टाळू १ टक्का लोकांपैकी काहींना संशोधकांनी २०१२ मध्ये छापलेल्या प्रयोगात असाच एक चित्रातला बिल्ला दिला. पैसा नाही, हुद्दा नाही. बिल्ला मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं.

एका आकड्याने मात्र माझी झोप उडवली. २००६ मध्ये जॉइस आणि क्राउट या दोघांनी सहा सार्वजनिक गटांतले २,७७७ नवखे तपासले. पहिल्यांदा काही लिहिलं आणि कोणी उत्तर दिलं नाही, तर तो माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता ४४ टक्के. उत्तर आलं तर ५६. इथवर ठीक, अपेक्षितच. पण उत्तर गोड होतं की तिखट, त्याने प्रश्न सुटला की नाही, याने काही फरक पडला नाही! नुसतं कोणीतरी ओ दिली हेच पुरेसं होतं. म्हणजे त्या रात्री अंबडच्या पोराला औषध सांगता आलं नसतं तरी चाललं असतं. "पाहिलं रे, मला नक्की सांगता येत नाही" एवढं कोणी म्हटलं असतं तरी तो टिकला असता. तो नंतर कधी दिसला नाही. ग्रुप सोडला की नुसता गप्प झाला, कोण जाणे.

यावर काय करायचं ते मला संशोधकांनी सांगितलं नाही, आमच्या गावच्या सप्ताहाने सांगितलं. मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह नसलेलं गाव शोधावं लागेल. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा एकदा गळ्यात चढली की समाप्तीपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. आता विचार करा, गावात कोणालाही पगार नाही, हजेरीपट नाही, रात्री दोन ते तीन ही वेळ देवालाही नकोशी. तरी वीणा खाली येत नाही. कारण मांडवात यादी लावलेली असते: वीणा पहारा, वेळ अमुक ते तमुक, नाव अमुक. पत्रिकेत पंगतीचा दिवस आणि अन्नदात्याचं नाव छापलेलं. काकडा कोणाचा, हरिपाठ कोणाचा, तेही ठरलेलं. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा माझा पहारा दोन ते तीन होता. गाणं येत नव्हतं. नुसतं उभं राहून तारा छेडत रामकृष्णहरी म्हणायचं, एवढंच काम. तीन वाजता पुढचा माणूस डोळे चोळत आला, मी वाकून नमस्कार केला, त्याने केला, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. तो झोपून राहिला असता तर मी तिथून हललो नसतो, आणि हे त्याला ठाऊक होतं म्हणूनच तो आला.

तर आम्ही ग्रुपवर पहारा लावला. महिन्याची यादी, रोज एक नाव. त्या दिवशी जो काही प्रश्न येईल त्याला पहिली ओ त्या माणसाने द्यायची. उत्तर आलंच पाहिजे अशी सक्ती नाही. येत नसेल तर "येत नाही" म्हणायचं आणि ज्याला येतं त्याचं नाव घेऊन त्याला पुढे करायचं, जशी वीणा देतात तशी. यादीत नाव टाकण्याआधी प्रत्येकाला फोन केला. काही जण नको म्हणाले, त्यांना श्रोते म्हणून राहू दिलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात दोघांचे पहारे कोरे गेले, आणि एकाने आपल्या पाळीला सकाळपासून इतकी उत्तरं दिली की लोकांनी ग्रुप म्यूट केला.

परवा रात्री साडेअकराला मंठ्याकडच्या एकाने फोटो टाकला. फांद्या शेंड्याकडून वाळत चाललेल्या, पानं पिवळी. मी यादी काढून पहारा कोणाचा ते बघतोय तोवर व्हॉइस मेसेज आला. वारा, खाकरणं, आणि मग तात्या:

"ही माझी पाळी हाय. रातच्याला वरच्या फांदीवरून मला काय बी सांगता यायचं न्हाई. तू आसं कर, सकाळी बुडाजवळची माती वाईच बाजूला सार आन बुंध्याचा फोटो टाक. डिंक गळतोय का बघू. मी जागा हाय बारापोत्तर, मंग पुढं ज्याची पाळी आसंल त्यानं बघा."

बाराला एक मिनिट कमी असताना पुढच्या माणसाने हात जोडलेलं चित्र टाकलं.